आडनाव विचारेपर्यंत

बिशानच्या त्या फ्लॅटमध्ये जायफळ घातलेल्या कॉफीचा वास दरवळत होता आणि भर दुपारचं ऊन जाड पडद्यांनी बाहेरच थोपवून धरलं होतं. विषुववृत्ताजवळच्या या परदेशी शहरात ऋतू बदलत नाहीत. उकाडा तेवढा बारा महिने निष्ठेनं सोबत करतो. या फ्लॅटच्या मालकीणबाई सुनीतावहिनी अधूनमधून रविवारी मराठी मंडळींना जमवून जुना सिनेमा दाखवतात. एक मैत्रीण मला नि माझ्या लेकीला, सईला, प्रथमच तिथे घेऊन गेली होती. माझा नवरा जहाजावर इंजिनियर, म्हणजे असून नसल्यासारखा. महिनाअखेरीस आमच्या भाड्याच्या घराचा करार संपणार, सईची शाळा बिशानलाच, आणि दुसरं घर काही केल्या मिळत नव्हतं. एजंट आधी गोड बोलायचे, मग हळूच, "ओनरला इंडियन नको, सॉरी लाह." थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, बुकित पंजांगपर्यंत पायपीट करून झाली होती.

सिनेमा महायुद्धानंतरच्या अमेरिकेतला, कृष्णधवल. ओले रस्ते, सिगारेटचा धूर, भिंतींवर माणसांहून मोठ्या सावल्या. लढाईवरून परतलेला एक काळा सैनिक शहरात खोली शोधत फिरतो. फोनवर त्याचा अदबशीर आवाज ऐकून घरमालकिणी होकार देतात, आणि दारात त्याचा चेहरा दिसला की खोली नेमकी नुकतीच गेलेली असते. पुढे त्याच गल्लीत खून होतो, तेव्हा पोलिसांना आरोपी शोधावाच लागत नाही.

वहिनींनी ओढणीनं डोळे टिपले. "काय मेली माणसं! कातडीवरून माणूस जोखतात!" मग माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "तुमच्याशीही इथले घरमालक असंच वागतात म्हणे ना गं? आमची मागची खोली रिकामीच आहे. दोघी इथेच या. आपलीच माणसं ना आपण!"

खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. सईनं तर खिडकीपाशी टेबल कुठे ठेवायचं तेही ठरवून टाकलं.

मग कॉफी आली, आणि कॉफीबरोबर वहिनींचे यजमान, नाना. "आडनाव काय म्हणालात?" मी सांगितलं. "मूळ गाव?" तेही सांगितलं. परमुलखात दोन मराठी माणसं भेटली की हे प्रश्न यायचेच, आणि बहुतेकांना ते आपुलकीचे वाटतात. त्यांच्या आडून जात कशी चाचपली जाते, हे आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांना पाठ आहे. नाना "अच्छा, अच्छा" म्हणाले. वहिनींनी चकल्यांची ताटली उगीचच सरळ केली. "अगं, विसरलेच बघ, यांच्या बहिणीचं यायचं घाटतंय. शिवाय आमच्याकडे देवघर, सोवळं-ओवळं... तुम्हालाच अवघडल्यासारखं व्हायचं." स्वर इतका मायेचा, की जणू माझीच काळजी वाहत होत्या! निघताना चकल्या बांधून दिल्या. मैत्रिणीला स्टीलच्या डब्यात, आम्हाला प्लास्टिकच्या. "परत आणायची तसदी घेऊ नका हं."

परतताना एमआरटी रेल्वेत सईनं चकल्यांचा डबा मांडीवर घेतला. मग म्हणाली, "बट आंटी लाइक्ड अस, आई." हो गं बाई, आवडलो होतो आपण. तळपायाची आग मस्तकात गेली होती. सिनेमातल्या त्या अभागी सैनिकाचा मला क्षणभर चक्क हेवा वाटला. त्याला दारातच हाकलत होते; आत बसवून, आपलं म्हणून मग हाकलत नव्हते.

एवढं वाचल्यावर ते आडनाव कोणतं, हे तुम्हालाही जाणून घ्यावंसं वाटत असेल. कशासाठी, ते आधी सांगा.