हवालदारांचा दुहेरी आखाडा

हवालदार भेटले की नमस्काराच्या आधी समोरच्याची हनुवटी दोन बोटांनी खाली दाबत. "खाली ठेव गा. कोनीबी उडवून देईल." एका लग्नात त्यांनी चक्क नवरदेवाची हनुवटी दाबली. नवरीकडची मंडळी जेवायला बसेपर्यंत त्यावरच कुजबुजत होती. हवालदारांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

सत्तरच्या दशकात इंदोऱ्यातल्या दलित वस्तीत आमची घरं भिंतीला भिंत लावून होती. मी गिरणीत कारकून, ते फौजेतून निवृत्त झालेले बॉक्सर. नाक मधोमध बसलेलं, आवाज मात्र मऊ. फौजेत असताना एका पहिलवानाशी त्यांची बराकीत गमतीची झुंज लागली होती. पहिलवान ठोशाखालून वाकला, यांचे पाय धरले आणि छातीवर बसला. "उभा हाओ तोवर मी बॉक्सर, बाबू. आडवा पडलो का गाठोडं!" हे ते मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवत. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं: ठोसा आणि कुस्ती एकाच जागी, एकाच पोराला शिकवायची.

निवृत्तीनंतर त्यांनी कामठी रोडवरचं एक बंद लाकडाचं गोदाम घेतलं आणि कुस्तीसाठी शहराच्या महाल भागातल्या दौलत वस्तादांना बोलावून आणलं. वस्ताद आले, जागा पाहिली, खूश झाले. लाल माती आली, चाळली गेली. मग ते म्हणाले, "सारं ठीक हाय हवालदार. पन मातीत चामडं उतरनार नाही. ते ग्लोव्ह बाहेर ठेवा."

मी जवळच उभा होतो. आमच्या वस्तीतल्या माणसाला 'चामडं नको' ऐकून काय वाटतं, ते दुसऱ्याला सांगून कळायचं नाही. माझं डोकं भणाणलं. घरी येताना मी हवालदारांना म्हटलं, "काकाजी, तुमी ऐकून काहून घेतलं?"

"त्यानं चामड्याले नाही म्हटलं, मले नाही. त्याची माती हाय, त्याचा कायदा."

त्यांनी बायकोला, वच्छलाबाईंना, गादीच्या कापडाचे ग्लोव्हज शिवायला बसवलं. आत दाबून कापूस भरला. वच्छलाबाई बोटं चोखत म्हणाल्या, "ह्या मानसाचं वेड मायाच बोटाले टोचते वं माय!" पण ग्लोव्हज झाले फक्कड. कोरड्या मातीत सराव उत्तम चालला. उद्घाटनाला हवालदार विरुद्ध वस्तादांचा लाडका चेला नत्थू, अशी झुंज ठरली. ती रंगली तर महालातली आणि इंदोऱ्यातली पोरं एका छपराखाली शिकायला येणार होती. नाहीतर कुणीच येणार नव्हतं.

उद्घाटनाच्या सकाळी वस्तादांनी रिवाजाप्रमाणे मातीत तेल, ताक आणि हळद ओतली. यानं पुढं काय होईल, हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही. हवालदार मातीत उतरले, नत्थूनं त्यांना उचलून टाकलं, लोक ओरडले, हवालदार हसत उठले. पुन्हा पडले, पुन्हा उठले. प्रत्येक वेळी हात मातीत टेकत होते आणि कापूस तेल-ताक पिऊन दगडासारखा जड होत होता. मग त्यांनी नुसता दाखवण्यापुरता एक ठोसा सोडला. नत्थू खाली बसला तो उठेचना. जबडा सरकला होता.

वस्तादांनी तिथंच बसून दोन्ही अंगठ्यांनी जबडा जागेवर घातला आणि मग वळले. "आत काय भरलं, हवालदार?"

हवालदारांनी दातांनी टाके तोडून ग्लोव्ह उसवला. आतून ओला कापूस निघाला, आणि वस्तादांचंच ताक ठिबकायला लागलं. वस्ताद बघत राहिले. तोवर गर्दी आपापल्या निष्कर्षासह घरी निघाली होती.

त्यानंतर दोघं एकमेकांसमोर इतके ओशाळले की वस्ताद यायचेच थांबले. पण नत्थू आला! जबड्याला फडकं बांधलेलं, दारात उभा. "मले तो ठोसा शिकवा."

मला वाटलं, सुटलो. एवढा खटाटोप ज्या एका पोरासाठी केला, तो स्वतः चालत आला. आणि हवालदार म्हणाले, "वस्तादानं सोता पाठवलं त शिकवीन. दुसऱ्याचा चेला मी मागून घेत नाही."

मी चिडलो, भांडलो, म्हटलं मग जाऊन बोला तरी. ते गेले. वहाणा दाराबाहेर काढून वस्तादांच्या आखाड्यात बसले, चहा प्याले, नत्थूच्या जबड्याची चौकशी केली, माफी मागितली आणि परत आले.

"इचारलं काय?"

"त्यांनी विषय काढला नाही."

असं वर्षभर चाललं. दर वेळी चहा, दर वेळी विषय निघालेला नाही. नत्थू गोदामात यायचा, झाडून काढायचा, उभा राहायचा, जायचा. एक दिवस यायचा बंद झाला. दोघांनाही पोरगा समोर दिसत होता, आणि दोघंही एकमेकांची अदब राखत बसले होते! माझं तर भिंतीवर डोकं आपटायचंच बाकी होतं. शेवटी गोदाम एका प्लायवूडवाल्यानं घेतलं.

पुढं काही वर्षांनी हवालदार गेले, छातीत कळ येऊन, घरीच. दौलत वस्ताद आले होते. म्हातारे झाले होते, काठी टेकत आले. माझ्याशेजारी ओट्यावर बसले.

"मानूस खरा होता," ते म्हणाले. "मी वाट पाहून राहिलो होतो बाबू. येक डाव म्हनले असते का नत्थू मले द्या, त मी हात धरून आनून देला असता."

मी उठून गल्लीच्या तोंडाशी गेलो. तिथंच बसलो असतो तर मयताच्या दारात शिव्या दिल्या असत्या, दोघांनाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मी धरला आहे. त्यांची फार आठवण येते, आणि आठवण आली की आधी राग येतो.