झाडणीची कणी

ताज्या कोंड्याचा वास गोडसर असतो. कोमट, किंचित तेलकट, तान्ह्या बाळाच्या टाळूसारखा. धसईच्या भातगिरणीत तो दिवसभर दाटून राही आणि संध्याकाळी मावशीच्या केसांतून, लुगड्याच्या निऱ्यांतून घरी येई. आई गेल्यावर मावशीनेच मला वाढवलं. आईचा वास मला आठवत नाही. त्या जागी कोंडा आहे.

मावशी गिरणीत पाखडायला होती. यंत्रातून उतरलेला तांदूळ ती सुपात घेई आणि हात असा हलवी की तूस वाऱ्यावर जाई, कणी म्हणजे तुटका दाणा सुपाच्या ओठाशी येई, अख्खा दाणा पोटाशी राही. दिवस कलला की ती जमीन झाडी. लोकांचा तांदूळ पोत्यांत भरून गेल्यावर जमिनीवर जी कणी उरे, ती झाडणारणीची, अशी तिथली रीत. आणि ती मोजायची नाही. पायलीने नाही, तराजूने नाही. पदरात घ्यायची आणि निघायचं. त्या कणीच्या पेजेवर मी वाढले, अर्थशास्त्र शिकले, पुढे मुरबाडला तेच शिकवू लागले.

दोन वर्षांपूर्वी गिरणीमालकांनी मला बोलावलं. नव्या यंत्रासाठी अर्ज करायचा होता आणि त्याला गिरणीचा तक्ता जोडायचा होता: डाव्या रकान्यात आदाने, म्हणजे गिरणीत जे जे लागतं ते, उजव्या रकान्यात उत्पादन, म्हणजे जे जे बाहेर पडतं ते.

“भात, वीज, पट्टे, तेल, माणसं,” मी लिहीत होते. “आणि ऊन, काका? भात वाळतं ते उन्हावरच ना?”

“उनाचं बिल येतं का गो?” मालक हसले. “नको लिवू. नायतर वाऱ्यालापण हजेरीवर घेशील.”

मावशी सुपाआडून म्हणाली, “घेऊ दे की. वारा तुमच्यापरीस येळेवर येतो.”

ऊन मी लिहिलं नाही. पण मावशीला लिहिलं. इतकी वर्षं ती त्या गिरणीत होती आणि कुठल्याच कागदावर नव्हती, हे मला सलत होतं. डावीकडे मी लिहिलं, ‘पाखडणी व झाडणी: एक स्त्री’. उजवीकडे तांदूळ, कोंडा, तूस आणि त्यांच्याखाली, सुवाच्य अक्षरात, ‘कणी’. आकडा हवा म्हणून आठवडाभर मी धसईला राहिले. रोज संध्याकाळी मावशी झाडायची आणि मी ते झाडण तराजूत घालायची. पदर हातात धरून ती बाजूला उभी राहायची.

“हे नाय मोजायचं गो,” ती एकदाच म्हणाली.

“मोजलं नाही तर दिसणार कसं, मावशी?”

तिने तराजूतली कणी पदरात ओतून घेतली. मला वाटलं, पटलं.

तक्ता मालकांनी दोनदा वाचला. उजव्या रकान्यातल्या शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. “एवढी निघते?” वाशिंदकडचे कोंबडीखाद्यवाले कणी उचलतात हे त्यांना माहीत होतं, आपल्याकडे ती इतकी आहे हे ठाऊक नव्हतं. त्या आठवड्यापासून झाडलेल्या कणीसाठी मालकांचं वेगळं पोतं लागलं. पुढे यंत्र आलं. त्याला स्वतःचा पंखा होता, स्वतःच्या चाळण्या होत्या. डाव्या रकान्यातली मावशीची ओळ कमी करता येते, हे कळायला मग कुणाला अर्थशास्त्र लागलं नाही.

“माजा काय दोष गो,” मालक म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. “तूच दाखवलंस.”

वर्गात मी आजही सांगते की उत्पादनसंस्था काय आत घेते आणि काय बाहेर देते हे ती स्वतः ठरवते. आत-बाहेरची ती रेघ तिची असते. त्या गिरणीची रेघ मी आखली होती. जे रेघेबाहेर होतं म्हणून मावशीचं होतं, ते मी माझ्या हाताने रेघेच्या आत ओढलं.

गेल्या महिन्यात मुरबाडच्या बाजारातून कणी घेऊन तिच्याकडे गेले. ती ओट्यावर उन्हात बसली होती. रिकामं सूप शेणाने सारवून वाळत ठेवलं होतं, उद्या कामावर जायचं असल्यासारखं. केसांना आता नुसत्या खोबरेल तेलाचा वास होता. मी पिशवी तिच्यापुढे ठेवली. तिने मूठभर कणी काढली, नाकाशी नेली, पुन्हा हळूच आत सोडली. एकही दाणा खाली सांडू दिला नाही. मग माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग असता तर मला सोसला असता.

“मोजलीस?”