बारा ते पाच पांढरा उजेड

खाऱ्या पाण्याची टाकी घरात असली की काचेच्या काठावर मीठ साचतं. आज पुसा, दोन दिवसांनी पुन्हा हजर! आमच्या ग्रुपमधल्या किश्शांचंही तसंच आहे. मी गंभीर होऊन प्रवाळांबद्दल बोलायला लागलो की कोणीतरी एक किस्सा काढतं आणि माझं भाषण तिथंच आटपतं.

ग्रुप म्हणजे घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे आम्ही तिघंच. अमरावतीचा वैभव, याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या शुभांगीताई, यांच्या घरी फुलांचा धंदा. आणि अमरावतीचाच मी, झूलॉजीत एम.एस्सी. करून वऱ्हाडाला समुद्र समजावून सांगायला निघालेला! नियम एकच, तोही मी भांडून करून घेतलेला: समुद्रातून तोडलेलं प्रवाळ घरात आणायचं नाही. टाकीत वाढलेल्याचाच तुकडा एकमेकांना द्यायचा. त्या तुकड्याला ताई 'कलम' म्हणतात.

उन्हाळ्याच्या तोंडावर ताईंनी मला माझं पहिलं कलम दिलं. मऊ जातीचं, हिरवट बोटांचं.

"सारा खेळ उजेडाचा हाये," त्या म्हणाल्या. "जास्त झाला की पांढरं पडते, कमी झाला की उपाशी मरते. यक डाव मारलं तं दुसरं मागाले येऊ नको!"

ताई गंमत करत नव्हत्या.

*

कलम बंद डब्यात घालून मी मोटरसायकलवर अकोल्याहून निघालो. वाटेत नाक्यावर तपासणी. हवालदारांनी डब्यावर काठी टेकवली.

"काय हाये यात?"

"कलम आहे, साहेब."

"कोणतं कलम?"

"मऊ जातीचं..."

"अबे, मऊ न् कडक मले नको सांगू! कितवं?"

"पहिलंच आहे, साहेब."

हवालदारांनी मला खालून वर पाहिलं. चेहरा शिकलेला, घाबरलेला.

"पयलं हाये म्हणून सोडून राहिलो. दुसरं लागू देऊ नको!"

*

घरी आल्यावर मी उजेडाचं वेळापत्रक करून भिंतीवर चिकटवलं. दहा ते बारा निळा, बारा ते पाच पांढरा, पाच ते सात पुन्हा निळा. दोन दिवे, दोघांच्या पिना दोन टायमरमध्ये.

वैभव बघून हसला. "लेका, हे तं शाळेचं टाइमटेबल झालं! मधली सुट्टी कुठं हाये?"

त्याचा दिवा मोबाईलवर चालणारा. ॲपमध्ये कुठल्याही समुद्राचं नाव टाकायचं, तिथला सूर्य आपल्या टाकीत उगवतो. वैभवनं लांबचं एक बेट निवडलं. बेटाबरोबर तिथलं हवामानही आलं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी त्याच्या बहिणीला बघायला पाहुणे आलेले. बाहेर रखरखीत ऊन, हॉलमध्ये पोहे. मुलाचे वडील "पोरगी काय शिकली?" असं विचारतात तोच टाकीवर अंधारून आलं आणि विजा चमकायला लागल्या. लखलख! पुन्हा लखलख!

मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. पाय वर घेतले.

"पोरगी पसंत हाये आमाले. पण लग्नाच्या आंधी घराची वायरिंग करून घ्या!"

*

ताईंच्या शेजारच्या काकू रोज संध्याकाळी दारातून डोकावायच्या. निळ्या उजेडात प्रवाळ कसं चमकतं ते बघायला येत असतील, म्हणून ताई खूश. आठव्या दिवशी काकूंनी तोंड उघडलं.

"शुभांगी, राग नको मानू. मिठाईवाल्याच्या दुकानात असाच निळा दिवा हाये. पण तिथं माशा मरतेत. तुया दिव्यानं अजून एकबी मेली नाही! फसवलं वं तुले!"

*

आता माझं. संयम हा विषय मला कधी जमलेला नाही. कलमाची बोटं दोन दिवस मिटलेली दिसली की मी टायमर फिरवायचो. आज पांढरा सहा तास, उद्या तीन, परवा आठ. शेवटी वाळूवर तपकिरी शेवाळ चढलं. ते कलमाच्या बुडाशी पोचलं, तशी बोटं पार मिटली.

ताईंना फोटो पाठवला. त्यांचा फोनच आला.

"तुले रोज येगळ्या टाइमले जेवू घातलं, तं तू फुलशीन का रे? पैलं टाइमटेबल लाव. आन आठ दिवस टायमरले हात लावू नको! नाही तं गेलंच समज."

सुटका अशी झाली की त्याच आठवड्यात मला ट्रेनिंगसाठी पाच दिवस नागपूरला जावं लागलं. घरी राहायला मामा आले. नांदगाव खंडेश्वरकडे त्यांची संत्र्याची बाग आहे. मी त्यांना बजावलं, "मामा, टायमरला हात लावायचा नाही. पंप बंद करायचा नाही."

रोज फोन करायचो. रोज एकच उत्तर.

"सारं टाइमावर चालू हाये, बाप्पा. बाराले चालू, पाचले बंद. मिनिट इकडं नाही का तिकडं नाही!"

पाचव्या दिवशी दुपारी बाराला थोडा वेळ असताना घरी पोचलो. टाकीवर गोधडी!

"मामा! हे काय?"

"ताण देऊन राहिलो."

"ताण?"

"संत्र्याले बहार धराचा असला तं आमी पाणी तोडतो. झाडाले ताण बसते, मंग फुलते. आता हे तुयं झाड पाण्यातच हाये, याचं पाणी कसं तोडू? म्हणून उजेड तोडला. पंपाले हात नाही लावला, घाबरू नको."

मी देवाचं नाव घेत गोधडी उचलली. शेवाळ गेलेलं. वाळू पांढरीशुभ्र. आणि कलमाची सगळी बोटं उघडलेली, संथ डुलत होती.

मी ताईंना फोटो पाठवला. लगेच उत्तर: "शाबास! टायमरले हात नाही लावला ना?"

"नाही," मी लिहिलं. मग एकदम आठवलं.

"मामा, पण तुम्ही तर रोज फोनवर सांगत होतात, बाराला चालू, पाचला बंद?"

"मंग? खोटं सांगतो का मी?" मामांना राग आला. "तुयं मशीन लय पक्कं हाये. निळ्यावर दहा ते बारा मोबाईल लावतो, फुल चार्ज! न् पांढऱ्याचं तं इचारूच नको. थांब, बारा वाजूनच राहिले."

टायमर टक् करून वाजला.

मामांच्या खाटेजवळचा कूलर सुरू झाला.