यानातल्या यंत्राची बोली

माझ्या कादंबरीवर सिनेमा निघाला म्हणून मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात माझा सत्कार झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला. नारळ नासका निघाला, ते सोडा. तीन जणांनी भाषणं ठोकली. त्यातल्या दोघांनी सिनेमा पाहिला नव्हता आणि तिसऱ्यानं पुस्तक वाचलं नव्हतं. माझी मोठी बहीण आली नाही. डोकं दुखते म्हणाली. ऐंशी वर्षांत तिचं डोकं कधी दुखलेलं मला आठवत नाही, दुसऱ्यांची डोकी दुखवण्यातच तिचा जन्म गेला.

तिला आम्ही बाई म्हणतो. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. तिनं लग्न केलं नाही, आणि माझी बायको गेल्यापासून घरात आम्ही दोघंच आहोत.

कादंबरी मी लिहिली त्याला तीस वर्षं झाली. सरकारी कचेरीत बाबू होतो, दुपारी काम कमी असायचं, कागद फुकट होता. गोष्ट साधी. एक रिटायर पटवारी, वारासिवनीचा एक राईस मिलचा मिस्त्री आणि लांजीच्या बसचा कंडक्टर, असे तिघं जण राईस मिलच्या जुन्या सामानातून यान बनवतात. ते हट्ट्याच्या बावडीतून, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीतून, वर सोडतात, कारण यान उभं करायला इतकी खोल जागा आयती दुसरी मिळत नाही. पुढं वाट चुकतात, कारण कंडक्टर प्रत्येक ग्रहावर सवारी दिसली की घंटी मारतो. यानात एक बोलणारं यंत्र असतं. हवा किती, इंधन किती, वाट कोणती, हे सांगणं त्याचं काम. पण ते नुसतं सांगत नाही, झापतं. 'काहून रे, हवा सरून राह्यली अन् तुमी पत्ते कुटून राह्यले?' हे त्याचं पुस्तकातलं पहिलं वाक्य.

त्या यंत्रावर लोकांनी जीव टाकला. माझ्यावर नाही, पटवाऱ्यावर नाही, यंत्रावर. गणपतीत दरवर्षी एक प्रकरण मोठ्यानं वाचायची इथल्या मराठी घरांची पद्धतच पडून गेली. ज्या पोरांना मराठीत धड चार ओळी वाचता येत नाहीत, घरात आईशीही हिंदीतच बोलतात, त्यांना यंत्राची वाक्यं पाठ. पेट्रोल पंपावर एकानं लाईन मोडली की मागून कुणीतरी यंत्राच्या आवाजात ओरडणारच. मी ऐकून मिशीत हसायचो. आपण लिहिलं असं वाटायचं.

मी काय डोंबल लिहिलं. बाई लांजीच्या हिंदी शाळेत मास्तरीण होती. सकाळची बस, संध्याकाळची बस, मधला सगळा दिवस हिंदी. घरात पाय ठेवला की दिवसभर दाबून ठेवलेली मराठी सुरू. नळाला झापायची, मांजरीला झापायची, खुर्ची मध्ये आली तर खुर्चीला झापायची, आणि कुणीच नाही सापडलं तर मी होतोच. मी ते कचेरीच्या कागदांच्या पाठीवर उतरवून घ्यायचो. वरून फक्त ऑक्सिजन घातला, एवढीच माझी प्रतिभा.

आता हे नीट ऐका, कारण सगळं इथंच अडकलंय. आमच्यासारख्या दोन-तीन पिढ्या नोकरी केलेल्या घरांत एक कायदा असतो. आमच्या आईचा होता. पाहुण्यांपुढं मले-तुले करायचं नाही. पाहुणे गोंदियाचे असले तर चालायचं, नागपूरचे असले तर थोडं सांभाळून, आणि पुण्या-मुंबईचे असले तर कपाटातल्या चांगल्या कपांबरोबर नीट मराठीही बाहेर निघायची. पाहुणे गेले की दोन्ही पुसून परत आत. आपली बोली स्वयंपाकघरातली, ती बैठकीत आणायची नाही. मी हे लिहितोय तेही पाहा, नीटच लिहितोय. कादंबरीही नीटच लिहिली होती, एक यंत्र सोडून.

बाईला पाहायला एकदा पुण्याचे लोक आले होते. आईनं आठ दिवस तिची तालीम घेतली. मुलाच्या आत्यानं विचारलं, स्वयंपाक येतो का. बाई म्हणाली, 'मले सारंच येते, तुमाले काय पायजे थे सांगा.' पाहुणे खो खो हसले. मी तेव्हा शाळेत होतो. मीही त्यांच्याबरोबर हसलो, आणि ते बाईनं पाहिलं. त्यांचं पत्र आलं नाही. नंतरही स्थळं आली, पण तोंडाला कुलूप लावून मी कोनाच्या घरी नांदणार नाही, असं तिनंच सांगून टाकलं. आईनं कपाळ बडवलं. बाई सकाळच्या बसनं लांजीला गेली.

सिनेमावाली आली ती मागच्या दिवाळीनंतर. तिशीची पोरगी, पुण्यात वाढलेली, तिची आई मात्र वारासिवनीची. लहानपणी गोवर निघाला तेव्हा आईनं उशाशी बसून माझी कादंबरी वाचून दाखवली होती म्हणे. फोनवर म्हणाली, काका, सिनेमा म्हणजे ते यंत्र आहे. बाकी सगळं मी करीन, पण असं बोलणारं माणूस मला कुठून मिळणार? मी छाती फुगवून सांगितलं की ते माणूस जिवंत आहे आणि या घडीला बाजूच्या खोलीत कपड्यांच्या दोरीला झापून राहिलं आहे. ती पोरगी फोनवर किंचाळलीच. म्हणाली, जमलं तर तोच आवाज घेऊ. तुमच्या घरी येऊन ऐकते.

बाईनं वरवर काहीच दाखवलं नाही. 'माया आवाजात काय ठेवलं हाय, बाप्पा,' एवढंच. मग दुपारी गल्लीभर सांगून आली. भाजीवालीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, जुन्या शाळेतल्या एका मास्तरणीला लांजीला फोन करून सांगितलं. घसा बसू नये म्हणून चार दिवस लोणचं सोडलं. लोणचं सोडणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. तिच्या आयुष्यात ज्या बोलण्यावर लोक हसले, तेच बोलणं ऐकायला पुण्याहून गाडी येत होती. हे तिनं बोलून दाखवलं नाही, पण मला दिसत होतं.

आणि त्या दिवशी दाराशी गाडी वाजली तेव्हा मी काय म्हटलं असेल? म्हटलं, 'बाई, जरा नीट बोल बरं. पुण्याची मानसं हायेत.'

का म्हटलं, हे मी स्वतःला तेव्हापासून विचारतोय. ते लोक त्याच बोलीसाठी तर आले होते. मलाही माहीत होतं, मीच बोलावलं होतं. पण गाडीचं दार वाजलं, दोन नीटनेटकी माणसं उतरताना दिसली, आणि माझ्या तोंडून आई बोलली. बाईनं माझ्याकडे पाहिलं. 'हौ,' म्हणाली.

तो हौ शेवटचा. पुढचे दोन तास बाई आकाशवाणीच्या बातम्यांसारखं बोलली. त्या पोरीनं रेकॉर्डर ठेवला, गप्पा मारल्या, मग म्हणाली, भावाला झापता तसं मला झापा ना. बाईनं मांडीवर हात जुळवले आणि सांगितलं, 'आपण वेळेवर यावे. उशीर करणे योग्य नाही.' पोरगी हसली, तिच्याबरोबरचा माणूसही हसला, चांगलं हसले बिचारे. पुस्तकातली वाक्यं वाचायला दिली, तर बाईनं ती वाचता वाचता सुधारून घेतली. शेवटी त्या पोरीनं मुद्दाम कपभर चहा पलंगावरच्या चादरीवर सांडला. चादर बाईनं स्वतः भरतकाम केलेली, तिच्यावर मांजर बसलं तर बाई मांजरीच्या सात पिढ्या काढायची. बाई म्हणाली, 'काही हरकत नाही.'

तेव्हा मला सगळं कळलं. एक वाक्य बोलायचं होतं. बाई, माझं चुकलं, तू आपली बोल. पाहुण्यांसमोर ते म्हणायची मला लाज वाटली. म्हणून मी काय केलं, तर चिवड्याची ताटली पुढं सरकवली. आपलेच दात, आपलेच ओठ.

निघताना बाई फाटकापर्यंत आली आणि पुस्तकी थाटात म्हणाली, 'आपला प्रवास सुखाचा होवो.' पोरगी वाकून तिच्या पाया पडली. मग गाडीत बसून तिनं काच खाली केली आणि हळूच मला म्हणाली, 'काका, आवाज छान आहे, पण हे ते नाही. वयानं बोलणं बदललं असेल का?' मी म्हटलं, असेल.

असेल. असं म्हणालो मी.

पुढचं फोनवर झालं. मुंबईची एक नटी घेतली, ती आमची बोली अशी बोलली की तमाशातली मावशी परवडली. मी म्हटलं हे नको. त्या पोरीलाही ते नकोच होतं, तिचं मन चांगलं होतं. मग हिंदीत करून पाहू म्हणाले, तेही जमलं नाही. शेवटी ठरलं की यंत्र बोलणारच नाही, काचेवर अक्षरं उमटतील. चालेल ना काका? मी म्हटलं चालेल. पस्तीस वर्षं फायलींवर 'सहमत' लिहिलेला हात माझा. बाईला सांगायची हिंमत मात्र झाली नाही. ती दर आठवड्याला विचारायची, 'माया आवाज बसवला का त्यायनं?' मी म्हणायचो, काम चालू आहे.

मराठी सिनेमा बालाघाटात लागत नाही. आम्ही सकाळच्या गाडीनं गोंदियाला गेलो, दुपारचा खेळ. बाईनं नवीन ब्लाऊज शिवून घेतला होता. तिला अंधारात ना माझा चेहरा दिसत होता ना कुणाचा, आणि ते बरंच होतं.

सिनेमा चांगला होता, खोटं का बोलू. यान तर असं बनवलं होतं की राईस मिलचा कोंडा उडताना नाकात गेल्यासारखा वाटला. कंडक्टरवर लोक पोट धरून हसत होते. आणि यंत्र म्हणजे एक काळी काच, तिच्यावर हिरवी अक्षरं. बाईच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसरा कामाचा राहिला नाही. जवळचं चष्म्यानं वाचते, पण इतक्या दुरून तिला अक्षरं वाचता येत नव्हती. थोड्या वेळानं तिनं माझं कोपर ओढलं. मी कधी बोलन, म्हणून विचारलं. येईल, म्हटलं. अजून थोड्या वेळानं विचारलं, थ्या काचीवर काय लिवून राह्यले. मग मी तिच्या कानाशी लागून वाचायला लागलो. हवा संपत आली आहे. कृपया डावीकडे वळा. पूर्ण सिनेमाभर मी तिला तिचं बोलणं पुस्तकी मराठीत वाचून दाखवलं. मी कधी बोलन, हे तिनं पुन्हा विचारलं नाही. तिला कळलं होतं.

कादंबरीच्या शेवटी यानात वजन जास्त होतं. परत यायचं तर यंत्र बाहेर टाकावं लागतं. तिघं रडतात, आणि यंत्र त्यांना शेवटचं झापतं. 'रडता काय पोट्टेहो? भात झाकून ठेवला हाय, थंडा होऊन राह्यला. जा घरी.' गणपतीत हे वाक्य आलं की चांगली चांगली माणसं पंच्याच्या टोकानं डोळे पुसायची. टॉकीजमध्ये तो प्रसंग आला तसे आमच्या मागच्या रांगेतले दोघं ते वाक्य आधीच पुटपुटले. काचेवर अक्षरं उमटली.

'काय लिवलं हाय?' बाईनं विचारलं.

मी वाचलं. आपला प्रवास सुखाचा होवो.

बाई म्हणाली, 'हे त मीच म्हनलं होतं. फाटकापाशी.'

मी हौ म्हटलं.

'म्हंजे त्यायनं माया बोलनं घेतलं.' मग म्हणाली, 'त्या पोरीची काई चूक नाई. तूच सांगतलं होतं, नीट बोल म्हनून.'

रागानं म्हणाली असती तर मी सुटलो असतो. तिच्या आवाजात राग नव्हता.

परतीच्या गाडीत ती खिडकीपाशी बसली. चहावाल्यानं गुळमट पाणी दिलं, तिनं ते मुकाट्यानं पिऊन टाकलं. एका माणसानं तिच्या पायावर ट्रंक ठेवली, तिनं पाय बाजूला घेतला. मला ते सहन होईना. मी म्हटलं, 'बाई, बोल न काही.'

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. 'काय बोलू?' म्हणाली. 'नीट बोलू का आपलं बोलू?'

टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती.