हिरव्या दोऱ्याची मिरची

गाडीपाशी आल्या की मावशी आधी उजव्या हातातल्या बांगड्या वर सारायच्या. मग ड्रायव्हरच्या सीटची बैठक आणि पाठ यांच्यामधल्या फटीत हात घालायच्या. बोटं नव्हेत, अख्खा हात, कोपरापर्यंत. डोळे मिटलेले, मान एका बाजूला कललेली. आत थोडा वेळ चाचपणं चालायचं आणि मग मूठ बाहेर यायची.

त्या मुठीतून काय निघेल याचा नेम नसायचा. शेंगदाणे, केसांच्या पिना, लहान पोराचा एकच मोजा, कुणाच्या तरी घराची किल्ली. मावशी ती वस्तू पदराला पुसायच्या, उलटीपालटी करून बघायच्या आणि म्हणायच्या, "ज्याचं त्याला."

हे नुसतं म्हणणं नव्हतं. एकदा एका जीपच्या सीटमधून दातांची कवळी निघाली. मावशींनी जुन्या मालकाचा पत्ता काढून निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी त्याचे वडील स्वतः आले. वर्षभर ते दूधभात खात होते आणि कवळी सुनेनं लपवली म्हणून तिच्याशी अबोला धरून होते. त्यांनी नळावर कवळी धुतली, बसवली, आणि पहिलं वाक्य बोलले ते म्हणजे, "आता सुनंला काय म्हणू?" मावशी म्हणाल्या, "चुकलं म्हणा. दात आल्यात की आता."

नळदुर्गात हैदराबाद रस्त्याला माझा जुन्या गाड्यांचा धंदा आहे. आम्ही त्याला यार्ड म्हणतो. तीन बाजूंनी पत्रे, एका बाजूनं रस्ता, आत दहा-बारा गाड्या. पत्र्याला लागूनच मावशींचं शेड. नवरा ट्रकच्या सीटा शिवायचा. तो गेल्यावर मावशींनी त्याचं शिलाई मशीन ताब्यात घेतलं आणि ट्रकवरून कारच्या कव्हरांवर आल्या. एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीचे निळे झेंडे शिवायला घेतले, की मात्र आठ दिवस कितीही मोठा गाडीवाला आला तरी त्याला बाहेर चहा पाजून परत पाठवायच्या.

तुम्ही कधी जुनी गाडी घ्यायला गेला असाल तर आमची जात तुम्हाला माहीत आहे. आमच्याकडची प्रत्येक गाडी एखाद्या डॉक्टरनं वापरलेली असते. ती फक्त दवाखान्यापर्यंत जायची आणि रविवारी झाकून ठेवलेली असायची. एवढे डॉक्टर या जिल्ह्यात असते तर आजारी पडायला माणसं उरली नसती. मीटर मागं घेणं, इंजिन धुऊन चकचकीत करणं, वास लपवायला चार-चार सुगंधी डब्या लटकावणं, हे सगळं मीही केलेलं आहे. पण सीटच्या फटीत हात घालणाऱ्या बाईपुढं यातलं काही चालायचं नाही. सीटची उजवी कड दबलेली दिसली की मावशी सांगायच्या, "मीटर काय बी म्हणू दे, ह्यात दिसाला धा वेळा चढ-उतर झालीय." गाडी शाळकरी पोरांची ने-आण करणारी होती, हेही त्या सीटला हात लावून ओळखायच्या.

पण गाडी वाईट आहे असं त्या कधीच म्हणायच्या नाहीत. शेजाऱ्याच्या पोटावर पाय कशाला द्यायचा, हा त्यांचा हिशोब. गाडी चांगली असली तर टेप काढून माप घ्यायच्या. नसली तर एवढंच म्हणायच्या, "ह्याला टाके धरायचे न्हाईत." आणि उठायच्या. मग कितीही आग्रह करा, कव्हर शिवायच्या नाहीत.

शिवलेल्या प्रत्येक कव्हरवर त्यांची खूण असायची. ड्रायव्हरच्या सीटच्या मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, हिरव्या दोऱ्याची बोटाच्या पेराएवढी मिरची. दृष्ट लागू नये म्हणून. लिंबू का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. "लिंबाला टाके लई लागत्यात," त्या म्हणाल्या. हळूहळू त्या मिरचीचं नाव झालं. तुळजापूर, अणदूर, जळकोट, कुठूनही गिऱ्हाईक आलं की बॉनेट उघडायच्या आधी सीटच्या मागं वाकून बघायचं. मिरची असली की सौदा अर्धा झालेला असायचा.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो.

मुंबईकडच्या एका व्यापाऱ्याकडून मी फॉरेनची गाडी आणली. जर्मनीहून जहाजातून आलेली, काळीभोर, दार लावलं की बाहेरचा ट्रकसुद्धा ऐकू येत नव्हता. आमच्या रस्त्यावर अशी गाडी विकायला कुणीच उभी केली नव्हती. शेजारच्या ढाब्यावरचे लोक जेवण सोडून बघायला आले. मी दिवसभर उगाचच तिच्याभोवती फडकं घेऊन फिरत होतो.

मावशी आल्या, बांगड्या सारल्या, हात घातला. या वेळी मूठ लवकर बाहेर आली. त्यांनी बोटं नाकाशी नेली, पदराला पुसली.

"ह्याला टाके धरायचे न्हाईत," त्या म्हणाल्या.

"मावशी, फॉरेनची गाडी आहे ही!"

"व्हय की. लई देखणी हाय," असं म्हणून त्या शेडमध्ये गेल्या.

मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. गाडी पाण्यात बुडालेली होती. एवढी गाडी एवढ्या स्वस्तात का आली, याचं उत्तर मावशींच्या बोटांना लागलेलं होतं. असल्या गाडीत सीटखालीसुद्धा वायरींचं जाळं असतं. त्यात पाणी शिरलं की ती आज चालते, उद्या चालते आणि परवा भर रस्त्यात दिवे जाऊन, दारं कुलूपबंद होऊन उभी राहते. पण मी मनाची समजूत घातली, की लागलं असेल थोडंसं पाणी, त्यात काय. सोलापूरहून तयार कव्हरं आणली. मग एका दुपारी ऑफिसचं दार लावून, हिरवा दोरा घेऊन मी स्वतः मिरची काढली. तीन वेळा सुई बोटात घुसली. पण शेवटी जे उमटलं ते मला तरी मिरचीच वाटलं.

चार दिवसांनी तामलवाडीचे एक द्राक्षबागाईतदार आले, सोबत म्हातारी आई. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं आणि तपासणीसाठी वरचेवर सोलापूरला न्यावं लागायचं. जीपमध्ये प्रत्येक गतिरोधकाला म्हातारी कळवळायची.

"आईला हिसका बसाया नगं, एवढंच बघायचंय," ते म्हणाले. "गाडीतलं आम्हाला काय बी कळत न्हाय." आणि सीटच्या मागं वाकले. मिरची दिसताच त्यांचा चेहरा उजळला. "झालं मग! मावशींनी बघितलीय नव्हं."

म्हातारीला आम्ही दोघांनी धरून मागच्या सीटवर बसवलं. तिनं बूड हलवून बघितलं आणि म्हणाली, "अगं बया, गादीच की ही." तिथंच सौदा ठरला असता. पण तो माणूस साधा. मावशी शेजारीच बसतात म्हटल्यावर, त्यांना भेटून बरं वाटल्याचं सांगावं म्हणून त्यानं पत्र्यापलीकडून हाक मारली.

मावशी हात पुसत आल्या. त्यांनी मिरचीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.  आता या बाईनं नुसतं "ही माझी न्हाय" म्हटलं असतं, तरी माझं दुकान त्याच दिवशी बंद झालं असतं.

"टाके कच्चे पडल्यात," मावशी म्हणाल्या. "उसवावं लागंल."

त्यांनी ब्लेड काढलं, मिरचीचा चौकोन कापून कनवटीला लावला आणि कव्हर सर्रकन ओढून काढलं. बांगड्या वर सारल्या. कोपरापर्यंत हात आत गेला. मूठ बाहेर आली, पण या वेळी त्यांनी पदराला काही पुसलं नाही. माझा हात धरला आणि मूठ माझ्या तळहातावर उघडली. पिठासारखी बारीक करडी माती आणि तिच्यात एक इवलासा शिंपला.

"ज्याचं त्याला," मावशी म्हणाल्या.

म्हातारीनं आतून विचारलं, "काय घावलं गं?"

"त्यालाच इचारा. गाडी त्याची हाय."

तो माणूस माझ्याकडे बघत होता, म्हातारी बघत होती. मावशी मात्र बघत नव्हत्या, त्या कव्हराची घडी घालत होत्या. खोटं बोलायला मला तेवढी फट त्यांनी मुद्दाम ठेवली होती, असं मला अजूनही वाटतं. मी तळहाताकडे बघितलं. मग म्हणालो, "गाडी पाण्यात बुडालेली आहे. आज चालेल, पण आजींना घेऊन रस्त्यात कधी बंद पडेल सांगता येत नाही. दारंसुद्धा उघडायची नाहीत."

"मग मिरची?" त्यानं विचारलं.

"ती मिरची मी शिवली."

 मग गाडीतून म्हातारीचा आवाज आला, "तरीच! मला वाटलं, मिरचीच्या जागी ही अळी कुणी काढली?"

मावशी हसल्या, म्हातारी हसली. खुबा दुखत असतानाही ती हसायची थांबेना. तो माणूस मात्र हसला नाही. आईला उतरवून जीपमध्ये बसवलं आणि निघून गेला. मी तिथंच उभा होतो. माझी मान वर होईना. मावशी म्हणाल्या, "काय बगायलास? चहा सांग की."

महिनाभर रस्त्यावर मला सगळे "काय अळीवाले" म्हणून हाक मारत होते. ती गाडी मी "बुडालेली" असा बोर्ड लावून पार्टसाठी काढली. मागची सीट मावशींनी मागून घेतली. शेडच्या पत्र्यावर तीन आठवडे उन्हात वाळवली, आतला सगळा फोम बदलला, वर लाल रेक्झिन चढवलं आणि कोपऱ्यात खरीखुरी मिरची काढली. ती सीट कडुनिंबाखाली ठेवली गेली. ड्रायव्हर, वाट बघणारी गिऱ्हाइकं, भाजीवाल्या, सगळे त्या जर्मन सीटवर बसून चहा प्यायचे.

द्राक्षांचा हंगाम संपल्यावर तामलवाडीची जीप परत आली. मला वाटलं, भांडायला आले. म्हातारी उतरली, माझ्याकडे न बघता लाल सीटवर जाऊन बसली आणि मुलाला म्हणाली, "ह्याच्याकडूनच घे. एकदा लाजलेलं माणूस हाय, परत लवकर खोटं बोलायचं न्हाय." त्यांनी माझ्याकडचीच एक आठ वर्षं जुनी साधी गाडी नेली. तिचं माप मावशींनी माझ्यादेखत घेतलं होतं.

मागच्या वर्षी मावशींना सुईत दोरा ओवणं जमेनासं झालं. डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्यांची मुलगी भूमला शिक्षिका आहे, ती न्यायला आली. जायच्या आधी दोन दिवस मावशींनी आपला पत्र्याचा डबा उघडला आणि त्यात जपलेल्या, मालक न सापडलेल्या वस्तूंसाठी शेवटची शोधाशोध केली. फोन झाले, निरोप गेले. एका ट्रकवाल्याला त्याची पितळी किल्ली मिळाली. ढाब्याच्या मालकाला लहानपणीचा भोवरा मिळाला. मला काहीच मिळालं नाही. खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं.

"मला काहीच नाही, मावशी?"

"तुजं हाय तितं हाय," त्या म्हणाल्या. "ती सीट तेवढी सांभाळ."

त्या गेल्या. शेडला कुलूप लागलं. लाल सीट मी माझ्या ऑफिसात आणली आणि गिऱ्हाइकांना तिच्यावर बसवू लागलो. "मिरची कुठं गेली?" असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, मावशी गेल्या, आता माझ्यावर विश्वास ठेवा. बरेचजण ठेवायचेही.

गेल्या आठवड्यात सीटवर बसलेलो असताना खिशातून किल्ली घसरली आणि फटीत गेली. मी हात घातला. किल्ली लागली, आणि तिच्याशेजारी घडी केलेलं काहीतरी लागलं. बाहेर काढलं तर काळ्या कव्हराचा चौकोन. त्यावर माझी अळी.

मी तिथंच हसत सुटलो आणि मग डोळे भरून आले. लगेच भूमला फोन लावला.

"मावशी, सापडलं."

 पलीकडून आवाज आला, "आज व्हय? वरीस झालं की लेका. वरीसभर त्या फटीत हात घातला न्हाईस?"

"मावशी, ती तर तुमचीच सीट. तिच्यात कशाला बघायचं?"

"बरं. आन् बाकीच्या गाड्यांत?"

मी दारातून यार्डातल्या गाड्यांकडे बघितलं.

"जेवलास का?" असं विचारून त्यांनी फोन ठेवला.

मी बाहेर आलो. यार्डात नऊ गाड्या होत्या. शर्टाची बाही दुमडली आणि पहिलीपासून सुरुवात केली. पहिलीत शेंगदाण्याची टरफलं निघाली, दुसरीत एक कंगवा. तिसरी पांढरी, छत्रपती संभाजीनगरहून आणलेली, डॉक्टरांची म्हणून मलाच कुणीतरी विकलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक नवराबायको तान्ह्या बाळाला घेऊन ती न्यायला येणार होते. तिच्या फटीत कोपरापर्यंत हात घातला, डोळे मिटले आणि मूठ बाहेर काढली.

पिठासारखी बारीक करडी माती.

मी डाव्या हातानं त्या नवऱ्याला फोन लावला. उजवा हात तसाच उघडा धरून ठेवला होता.