साहेबांसमोर न उडालेलं विमान

पुंजाराम खेरडे जन्मला दर्यापूरच्या माळ्याच्या घरात, पण वांगी-मिरचीत त्याचं मन रमलं नाही. सातवी झाल्यावर तो अकोल्याला किसनरावांच्या जिनिंगमध्ये लागला आणि पुढं फिटर झाला. तिथं सरकी वेगळी झालेली रुई पंख्याच्या वाऱ्यानं मोठ्या नळातून पुढच्या खोलीत जाई. जेवणाच्या सुटीत पुंजाराम त्या नळाच्या तोंडाशी टिनाचे वाकवलेले तुकडे धरून बसे. कोणता तुकडा हात वर उचलतो आणि कोणता नुसता थरथरतो, ते वहीत लिहून ठेवी. सोबतचे म्हणत, "पुंजाराम वारा मोजून राहिला."

पस्तिशीला आला तेव्हा त्यानं बिनइंजिनाचं विमान पुरं केलं. सांगाडा मेळघाटातल्या बांबूचा, वर मांजरपाट. विमानाच्या कापडावर चढवायचं खास रोगण अकोल्यात मिळत नव्हतं. म्हणून विणकर सुताला देतात तशी ज्वारीच्या पिठाची खळ त्यानं लावली. बायको कौशल्या ती शिजवून द्यायची. खळ वाळली की कापड डफासारखं ताणलं जाई. सुटीच्या दिवशी भर दुपारी, मोकळ्या वावरात, गड्यांनी दोरानं ओढल्यावर ते दोनदा त्याला घेऊन कमरेइतक्या उंचीवर तरंगलं.

१९४० च्या मार्गशीर्षात किसनरावांनी नागपूरहून एका साहेबांना बोलावलं. लढाई सुरू होती आणि साहेब दक्षिणेतल्या एका विमानदुरुस्तीच्या कारखान्यासाठी माणसं निवडत होते. उड्डाण पसंत पडलं तर पुंजारामला तिथं जागा, नाही तर जन्मभर जिनिंग. ठिकाण ठरलं अमरावतीजवळ पोहऱ्याची टेकडी. साहेबांना बडनेऱ्याहून नऊची गाडी धरायची होती, म्हणून वेळ ठरली सकाळी सातची. विमान आदल्या संध्याकाळीच बैलगाड्यांवरून नेऊन वर ठेवलं.

सकाळी दोनेकशे माणसं जमली. दोर ओढायला आठ गडी उभे राहिले. पुंजारामनं उजव्या पंखावर टिचकी मारली. आवाज भद्द आला. डाव्यावर मारली, तर तिथं आवाजच नव्हता. बोट आत गेलं. रात्रभर दव पडलं होतं. खळीचं लुगडं ओलं झालं की त्याचं पोतेरं होतं, हे कोणत्याही बाईला ठाऊक असतं. त्याच्या साऱ्या चाचण्या मात्र दुपारच्या होत्या.

तो किसनरावांकडे गेला. "मालक, आत्ता नाई उडत. कापड ढिलं झालं. दहा वाजेलोक ऊन लागू द्या."

"काऊन बे, भेला काय?" किसनराव गरजले. "साहेबाची गाडी तुह्या खळीसाठी थांबते काय? बस त्याच्यात!"

"नाई बसत मालक."

"इमान नाई रे बाप्पा, ढिली बाज हाये बाज!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

साहेबांनी पंखाला हात लावून पाहिला. "दोन्ही सारखेच ढिले आहेत?"

"नाई साहेब, डावा जास्त. वर गेलं का डाव्या अंगावर पडन."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि ते मोटारीत बसले. त्यांच्यामागून किसनरावही गेले.

साडेदहाला कापड पुन्हा ताणलं तेव्हा गडी, कौशल्या आणि काही गुराखी एवढेच उरले होते. विमान उडालं. उतरताना पुढचा बांबू मोडला आणि पुंजारामचा ओठ फाटला. ओठाला फडकं धरून त्यानं अंतर मोजलं. एकशे चाळीस हात भरलं. ते त्यानं पोस्टकार्डावर साहेबांना कळवलं.

दोन महिन्यांनी साहेबांचं पत्र आलं. त्यात एकशे चाळीस हातांचा उल्लेख नव्हता. दुरुस्त झालेलं विमान उडण्याजोगं आहे का, हे ठरवणाऱ्या तपासणीसाची जागा रिकामी होती आणि पुंजारामनं तिथं पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं. त्यानं पत्र कौशल्येला वाचून दाखवलं.

"म्हंजे तिथंबी नाईच म्हनत रायसान काय?" तिनं विचारलं.

"जे उडन नाई, त्याले नाई म्हनीन."

"अन् त्याचा पगार देतेत?"

"देतेत."

"मंग जा बाप्पा."

पहिल्या महिन्यात त्यानं सात विमानं थांबवली. पाचांत दोष निघाला, दोनांत निघाला नाही. त्या दोनांचा लेखी खुलासा मागवण्यात आला. टिचकी मारून कानानं ऐकलेलं कागदावर चालेना, तेव्हा त्यानं कापडाचा ताण मोजणारं, स्प्रिंगचं लहानसं पितळी यंत्र तयार केलं. पुढच्या पाच वर्षांत कारखान्यानं तशी सोळा यंत्रं करून घेतली.