कौसाबाईंचं दार

बेघरांच्या निवारा केंद्रात व्यवस्थापक म्हणून सहा वर्षं काढली की माणसाकडे दोन गोष्टी साठतात, फायली आणि किस्से. फायली वर्षाअखेरीला वरच्या कचेरीत जमा कराव्या लागतात. किस्से कोणी मागत नाही, म्हणून ते माझ्याकडेच राहिले. गंगापूर रोडला मित्रांबरोबर चहाला बसलो की कोणीतरी म्हणतंच, "तुझ्या त्या कौसाबाईंचं सांग ना."

आमचं केंद्र पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत. कौसाबाई मूळच्या सिन्नरकडच्या. नवरा गेला, भाड्याची खोली होती ती इमारत मालकानं बिल्डरला दिली, आणि साठीला टेकलेली ही बाई एक पिशवी घेऊन आमच्याकडे आली. दिवसभर घाटावर गजरे विकायचे आणि संध्याकाळी हजेरीला हजर राहायचं, हा त्यांचा नेम. सरकारी घरकुलासाठी त्यांनी अर्ज केला होता. त्याची पावती त्या पोलक्यात जपून ठेवायच्या. आयुष्यात आता त्यांना तेवढं एकच हवं होतं.

*

पहिल्या वर्षी आमच्या ब्लँकेटांना मंजुरी आली ती मार्चअखेरीला. ब्लँकेटं पोहोचली एप्रिलात, ऐन उन्हाच्या काहिलीत. मी वर फोन करून म्हटलं, "साहेब, यांच्याऐवजी पंखे द्या की." उत्तर आलं, "ब्लँकेटच्या खर्चाचं हेड वेगळं, पंख्याचं वेगळं. या हेडमधलं त्या हेडमध्ये चालत नाही."

कौसाबाई शेजारी बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, पंख्याचा अर्ज आजच टाका. थंडीपस्तोर येतील."

पंखे डिसेंबरात आले.

*

मग घरकुलाच्या सर्व्हेला एक तरुण इंजिनियर आला. बिचारा सालस होता. अर्जदार सध्या राहतो त्या घराच्या दारासमोर त्याला उभं करून फोटो काढायचा, असा त्याच्या मोबाइलमधल्या अ‍ॅपचा नियम.

"मावशी, तुमच्या दारासमोर उभ्या राहा."

"लेकरा, दार असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

त्यानं अ‍ॅप दोनदा बंद करून चालू केलं. फोटोशिवाय ते पुढे सरकेना. शेवटी त्यानं कौसाबाईंना आमच्या केंद्राच्या दारासमोर उभं केलं. बाईंनी पदर नीट केला, पिशवी मागे लपवली आणि फोटो निघाला. छान आला होता.

दोन महिन्यांनी पत्र आलं. "अर्जदार सध्या स्लॅबच्या पक्क्या घरात वास्तव्यास असल्याने अपात्र."

मी ते बाईंना वाचून दाखवलं. खरं सांगायचं तर राग आला होता आणि लाजही वाटली. कौसाबाई मात्र आमच्या गळक्या छताकडे बघत म्हणाल्या, "येवढं घर हाय माझं? मंग तुम्ही भाडं द्या मला."

*

पण बाई गप्प बसणारी नव्हती. निवाऱ्यात राहिल्यानं घर मिळत नसेल तर निवारा सोडायचा, असा सरळ हिशेब करून त्या घाटावर राहायला गेल्या. मी समजावलं, ओरडलो, पण त्यांनी ऐकलं नाही.

आता गंमत अशी, की घाटावरच्या बेघरांना शोधून निवाऱ्यात आणायची आमचीच एक गाडी होती. चौथ्या दिवशी संध्याकाळी गाडी दारात थांबली आणि तिच्यातून उतरल्या कौसाबाई. पथकातला माणूस अभिमानानं म्हणाला, "नवीन केस आहे. फार समजावून आणलंय."

मी रजिस्टरमध्ये नवीन लाभार्थी म्हणून नाव घेतलं. आठवड्यानं त्या पुन्हा गेल्या, गाडीनं पुन्हा आणलं. असं तीनदा झालं. त्या वर्षी आमच्या केंद्राचं उद्दिष्ट मुदतीआधी पूर्ण झालं आणि मला कौतुकाचं पत्र मिळालं.

*

त्या पत्रामुळेच एके दिवशी दुपारी बाराला तपासणीचे साहेब दोन कारकुनांसह आले. एक सोडून सगळ्या खाटा रिकाम्या.

"लाभार्थी कुठे आहेत?"

"कामावर, साहेब. कोणी हमालीला, कोणी धुण्याभांड्याला."

"काम करतात? मग बेघर कसे?"

एकट्या कौसाबाई तापामुळे खाटेवर होत्या. त्या उठून बसल्या. "सायब, कामाच्या पैशात पोट भरतं. घर नाय भरत."

साहेब खाटेच्या कडेला टेकले आणि त्यांनी बाईंची सगळी कथा ऐकून घेतली, फोटोपासून गाडीपर्यंत. नियमाचा माणूस, पण मनानं खोटा नव्हता. जाताना त्यांनी अपात्रतेच्या कागदाची प्रत मागून घेतली, त्या दिवशी तापामुळे न विकलेले बाईंचे सगळे गजरे विकत घेतले आणि मला दम दिला, "यापुढे मी रविवारी येत जाईन. न कळवता. तेव्हा तरी खाटा भरलेल्या दिसू द्या. नाहीतर पुढच्या वर्षीचं अनुदान विसरा."

मग ते आणि त्यांचे दोन कारकून मोगऱ्याच्या घमघमाटात जीपमध्ये बसले.

महिन्याभरात घरकुलाची फाइल परत आली. तिच्यावर साहेबांच्या हातचा शेरा होता, "निवारा म्हणजे घर नव्हे. पात्र." इतकं साधं वाक्य लिहायला कोणीतरी लागतं. मी तो शेरा कौसाबाईंना तीनदा वाचून दाखवला.

*

सोडतीत नाव लागायला पुढे दीड वर्ष गेलं. घर मिळालं ते शहराच्या पार टोकाला, सिन्नरच्या वाटेवर, चौथ्या मजल्यावर. गजरे विकायला घाटावर यायचं तर दोन बस बदलाव्या लागणार होत्या. पण किल्ली हातात आली तेव्हा बाई रडल्या, आणि मीही.

घरभरणीला त्यांनी सगळ्या केंद्राला बोलावलं. एकूण एक. "ज्यांच्यासंगं झोपले त्यास्नी सोडून जेवू कशी?" आमच्याच गाडीच्या चार फेऱ्या झाल्या. केंद्राला कुलूप लावून मीसुद्धा गेलो. चाळीस माणसं एका खोलीत, पुरणपोळी, आमटी, आणि बाई प्रत्येकाला आग्रह करकरून वाढत होत्या.

पहिलाच घास घेतला आणि माझा फोन वाजला. साहेब होते. रविवार होता.

"अहो, मी केंद्राबाहेर उभा आहे. कुलूप? चाळीसच्या चाळीस बेघर गेले कुठे?"

"साहेब, त्याचं असं..." म्हणत मी उठलो. कौसाबाईंनी पुरणाच्या हातानंच माझ्याकडून फोन घेतला.

"समदे माझ्या घरी हायेत, सायब. तुम्ही बी या जेवायला. चौथा मजला हाय, लिफ्टचं हेड अजून आलं नाय. अन् चपला दाराबाहेर काढा. दार हाय आता."